चोराजवळची चांदणी

दुर्बिणीतून तारे मोठे दिसत नाहीत, नुसते जास्त दिसतात. हे कळलं तवा महालिंगला रागच आला होता. एवढी जड वस्तू, पितळंची, वरचं काळं चामडं जागोजाग सोललेलं, लढाईतनं भंगारात आलेली. हिच्यातनं एखादी तरी चांदणी भाकरीएवढी दिसंल असं त्याला वाटलं होतं. चांदणी राहिली टाचणीच्या टोकाएवढीच. पण जिथं काहीच नव्हतं, नुसता काळा गाळ होता, तिथं बाजरी सांडल्यागत चांदण्या निघाल्या. त्यानं दुर्बीण खाली घेतली, काळं. डोळ्याला लावली, भरलेलं. तवापासून अंधाराकडं बघताना त्याच्या पाठीतनं काहीतरी बारीक सरपटत जायचं. अंधार रिकामा नसतो. आपल्याला दिसत नाही म्हणून आपण त्याला रिकामा म्हणतो. तिकडून मात्र सगळे आपल्याकडं बघतच असतात, आन् आपण माळवदावर पोट उघडं टाकून पडलेलो.

आजबी तो तसाच पडला होता. वैशाखाची अवस जवळ आलेली, चंद्राचा पत्ता नाही, आभाळ घासून ठेवलेल्या तव्यासारखं. उन्हाळ्यात सगळं सेलू माळवदावर झोपायचं. एरवी या वेळेला गप्पांचा कालवा असायचा, कुणी गाणं म्हणायचं, कुणी शेजारच्या माळवदावरून तंबाखू मागायचं. यंदा रझाकारांच्या भ्यानं लोक अंधार पडला की बोलणंच बंद करायचे. खोकला आला तरी गोधडी तोंडात धरायचे. महालिंगला त्या खोकल्यांचा राग यायचा, गोधड्यांचा राग यायचा, खाली दुकानात दिवसभर गूळ तोलताना प्रत्येक खाकी कपड्याला "या मालक, बसा मालक" करणाऱ्या बापाचा, अप्पाचा, तर लयच. शाळा त्यानं अशाच एका रागात सोडली होती. मास्तरनं छडी उगारली, यानं ती मधीच धरली आन् गुडघ्यावर मोडून मास्तरच्या हातात दोन तुकडे ठेवले. वर्गात कुणी हसलं नाही. ती शांतता त्याला अजून आठवायची. आताची गावातली शांतता अगदी तसलीच होती, छडी मोडल्यानंतरची, आता काय होतंय ते कुणालाच माहीत नसतानाची.

"काय दिसायलंय रे?" भागम्मा शिडीवरनं वर येत म्हणाली. एका हातानं लेकरू, दुसऱ्या हातानं शिडी. बाळंतपणाला माहेरी आलेली त्याची थोरली बहीण, अजून अंगाला शेक-शेगडीच्या धुराचा वास.

"काय न्हाई."

"मंग एवढं डोळे फोडून काय बघायलास?"

"काय न्हाई तेच बघायलोय."

"सरळ बोललास तर जीभ झडंल का तुझी?" ती भिंतीला टेकून बसली. लेकरू पदराखाली घेतलं. "गाडी यायला टाइम हाय ना?"

"हाय."

"तुला कसं कळलं?"

"अक्का, गाडीला दिवा असतो. दिवा आला की सांगतो. पुन्हा पुन्हा इचारू नको."

ती गप बसली. तिच्या गप्प बसण्याचाबी त्याला राग आला, आन् मग स्वतःचाच. आज दाजी येणार होते. तिचा नवरा, धोंडप्पा. लेकराचं तोंड बघायला. लेकरू झालं तवापासून चार ओळींचा कागद नाही की माणूस नाही. दाजी पार मनमाडाच्या पलीकडं, निजामाच्या हद्दीच्या बाहेर, निजामाविरुद्ध लढणाऱ्या कँपातल्या पोरांत. काल त्यांचा निरोप घेऊन एक बांगड्याचा म्हातारा आला. भागम्माच्या हातात बांगड्या चढवता चढवता पुटपुटला, "उद्या रातच्या गाडीनं. माळवदावर दिवा दिसला तर उतरणार न्हाईत, सरळ चुडाव्याला जातील मावशीकडं. अंधार असला तर उतरतील." एवढंच. म्हणून हा कंदील. पेटवून, वात बारीक करून, वर डालगं पालथं घातलेलं. डालग्याच्या फटींतून उजेडाचे काटे बाहेर येत होते, त्यावर महालिंगनं पोतं टाकलं होतं. ठेसनाकडं काही वंगाळ दिसलं की पोतं काढायचं, डालगं उचलायचं. बस. लेकरालाबी जमंल असलं काम.

त्यानं दुर्बीण उत्तरेकडं वळवली. म्हातारीचं बाजलं, शाळेच्या पुस्तकातले सप्तर्षी, आता कलायला लागलं होतं. चार पाय बाजल्याचे, आन् मागं वाकडे-तिकडे चालत येणारे तीन चोर. मायनं सांगितलेली गोष्ट. म्हातारीच्या बाजल्याचे पाय सोन्याचे, चोर टपलेले, ती डोळा मिटंना, ते हलंनात. "म्हातारी झोपली की मंग?" तो लहानपणी विचारायचा. "झोपत न्हाई," माय म्हणायची. "पण झोपली तर?" मग माय त्याच्या पाठीत धपाटा घालायची. मधल्या चोराच्या अंगाला चिकटून एक बारकी चांदणी आहे. ज्याला ती दिसती त्याचं आयुष्य शाबूत. ज्याला दिसली नाही त्याचं वर्ष भरत आलं म्हणायचं. भागम्माच्या लग्नात, अक्षता पडल्यावर, जंगमस्वामींनी दोघा नवरा-नवरीला अंगणात उभं करून ती दाखवली. भागम्मानं मान वर केली, "दिसली." दाजींनी मान वर केली, डोळे बारीक केले, आन् मोठ्यानं म्हणाले, "दिसली, दिसली!" सगळे हसले. महालिंग शेजारीच उभा होता, समई धरून. त्याची नजर लहानपणापासून घारीची. त्यानं दाजींच्या डोळ्यांकडं बघितलं. दाजी बघत होते तिथं चोरबी नव्हते आन् बाजलंबी नव्हतं. तिथं चिंचेचं झाड होतं.

हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. लग्नघरात कुठं सांगणार? पुढं त्याच्या ध्यानात येत गेलं, दाजींना लांबचं दिसतच नाही. वेशीवरनं येणारा माणूस त्यांना आवाजावरनं कळायचा. बैल ओळखायचे ते घुंगरावरनं. कुणाला कळू द्यायचे नाहीत; धिप्पाड गडी, तालमीतला, चष्मा लावला तर लोक मास्तर म्हणतील. दुर्बीण त्यांनी कँपासाठी म्हणून घेतली होती, मागच्या वेळी चोरून आले तवा इथंच ठेवून गेले. त्या रात्री महालिंगला माळवदावर घेऊन, याच जागी, दुर्बीण चोरांवर रोखून लय वेळ बसले होते. मग हळूच म्हणाले, "हाय की रे. हाय तिथं." आन् लहान लेकरागत हसले. महालिंगच्या तोंडून निघता निघता राहिलं, दाजी, लग्नात तुमी खोटं बोललाव.

आत्ता त्यानं दुर्बीण डोळ्यावरनं काढली आन् तिच्याकडं बघितलं.

दुर्बीण इथं होती. त्याच्या हातात. दाजींच्या डोळ्यांना गाडीच्या दारातून, मधलं कापसाचं मोकळं रान ओलांडून, हे माळवद, हा एवढासा कंदील कसा दिसणार होता? काल म्हाताऱ्यानं निरोप सांगितला तवा सगळ्यांनी माना डोलावल्या. अप्पानं, मायनं, भागम्मानं. त्यानंसुद्धा. कुणाला कसं सुचलं नाही? दाजींनीच कसा असला निरोप धाडला? धाडणारच. कँपातल्या पोरांसमोर ते काय म्हणणार, मला दिवा दिसत न्हाई?

"अक्का," तो म्हणाला.

"काय?"

"दाजींना लांबचं..." तो थांबला.

"लांबचं काय?"

"काय न्हाई. लांबचा प्रवास झाला म्हणलं."

"टोपी घालणार हायत, म्हातारा जाता जाता म्हणला," ती लेकराच्या डोक्यावरनं हात फिरवत म्हणाली. तिच्या आवाजात हसू होतं, लय दिवसांनी. "लाल गोंड्याची. शेरवानी. दाढी वाढवलीय. मी वळखायची न्हाई बघ. हे तर रडंलच." मग हसू गेलं. "समदं करतील, पण गळ्यातलं काढणार न्हाईत. मागल्या खेपेला मी म्हणलं, तेवढं मायपाशी ठेवा, कुणी छाती चाचपली तर? तर मलाच म्हणले, ते काढून वाचलो तर वाचला कोण मंग?"

महालिंगचा हात आपसूक स्वतःच्या छातीवर गेला. सदऱ्याखाली चांदीची डबी, डबीत लिंग, जन्मल्याबरोबर बांधलेलं. घरात सगळ्यांचं असंच. भांडं पडलं, साप निघाला, दारावर थाप आली की आधी हात तिथं, ओरडणं मागनं. लहान असताना पोहता पोहता त्याच्या गळ्यातला दोरा तुटून डबी विहिरीत गेली होती. वर येऊन त्यानं कुणाला सांगितलंच नाही, पायरीवर उकिडवा बसून राहिला, दात वाजत होते. लिंग हरवलेल्या माणसानं घरी जायचं नसतं, एवढंच त्याला माहीत होतं. धोंडप्पा तवा नुसता गावातला दांडगा पोरगा, नात्यातला. काही विचारलं नाही. महालिंगच्या मोकळ्या गळ्याकडं बघितलं, जवळून, आन् उडी टाकली. पाणी हिरवंगार, त्याच्या डोक्यावर मिटलं. श्वास घेऊन बुडाला, परत मिटलं. लय वेळानं वर आला तवा त्याच्या नाकातनं रक्त येत होतं आन् मुठीत डबी होती. "डोळ्यांनी न्हाई सापडत रे," तो धापा टाकत म्हणाला, "हातानं चाचपावं लागतं."

लांब आडव्या रेघेवर एक चांदणी होती. परतूरच्या अंगाला, पार जमिनीला टेकलेली. महालिंगनं सवयीनं दुर्बीण तिच्यावर धरली. लुकलुकत नव्हती. आन् ती मोठी होत होती.

तो ताडकन उठून बसला. ठेसनाकडं वळला. फलाटावर दोन कंदील, रोजचे. त्यांच्या उजेडात रोजचा पोलीस बाकावर बसलेला, मान खाली. त्याच्या पलीकडं, उजेड संपतो तिथं, काळंच. महालिंग त्या काळ्याकडं बघत राहिला. दुर्बिणीची चकती बोटानं बारीक फिरवली. त्या काळ्यातनं आधी एक विडी निघाली. मग बूट. मग बंदुकीच्या नळ्या, भिंतीला टेकवून ठेवलेल्या, आन् भिंतीपाशी ओळीनं बसलेली माणसं, खाकी. रझाकार. त्यांतला एक कोवळा पोरगा, महालिंगच्याच वयाचा, मिशी फुटायची, तो उभा होता आन् उगीच आभाळाकडं बघत होता.

महालिंगनं पोतं ओढलं, डालगं भिरकावलं. कंदील उघडा पडला.

"काय झालं?" भागम्मा उठली. "कोण हायत?"

"बस खाली. उतरायचे न्हाईत दाजी. चुडाव्याला जातील."

"देवा," ती म्हणाली आन् परत बसली. सुटल्यासारखी बसली की मोडल्यासारखी, ते त्यानं बघितलं नाही. तिला वाटत होतं काम झालं. दिवा लागला, काम झालं.

गाडी आली. आवाज उशिरा येत होता. दुर्बिणीत इंजन थांबलं तरी कानात अजून चालत होतं. डबे खिडक्या-खिडक्यांनी पिवळे. तिसऱ्या वर्गाच्या एका दारात लाल गोंड्याची टोपी. शेरवानी. दाढी. भागम्मानं ओळखलं नसतं, पण महालिंगनं खांदे ओळखले. दाजी दारात उभे राहून गावाकडं बघत होते, डोळे बारीक करून. इतके जवळ होते की त्यांच्या कपाळावरचा घाम दिसत होता. ते बघत होते तिथं माळवद नव्हतं. तिथं जिनिंगचं धुराडं होतं. त्यांना अंधार दिसला. त्यांनी दांडी धरून एक पाय पायरीवर टाकला.

"न्हाई," महालिंग म्हणाला. ओरडला नाही, ओरडून काय होणार होतं? त्यानं कंदिलाची वात सगळी वर केली, काच काळी पडायला लागली, आन् कंदील डोक्यावर धरून तो भिंतीवर चढला. एका हातात दुर्बीण, दुसऱ्या हातानं कंदील, इकडं, तिकडं, इकडं. भागम्मा खालून त्याचं धोतर ओढत होती, "अरे येड्या, साऱ्या गावाला दिसंल!" दिसू दे. ज्याला दिसायला पाहिजे त्याला एकट्याला दिसंल असा दिवा कुठं मिळतो?

आधी त्या कोवळ्या पोराला दिसला. त्याची मान वळली. तो सरळ दुर्बिणीत बघायला लागला, सरळ महालिंगच्या डोळ्यांत. मग दाजींना दिसला. उशिरा, पण दिसला. त्यांचं तोंड धुराड्यावरनं सरकत सरकत आलं आन् थांबलं. चेहऱ्यावर तेच आलं, त्या रातचं, हाय की रे, हाय तिथं. पाय पायरीवरनं मागं गेला. आन् त्याच घडीला त्या पोरानं खांद्यावरची बंदूक काढत काहीतरी हाक मारली, दाजी दचकले, आन् त्यांचा हात शेरवानीच्या आत छातीवर गेला.

महालिंगला कळलं तो हात कुठं गेला. त्याच्या मायला कळलं असतं, अप्पाला, गावातल्या कुठल्याबी लिंगायताच्या पोराला कळलं असतं. फलाटावरच्या माणसांना वेगळंच कळलं. शेरवानीच्या आत हात घालणारा माणूस काय काढतो हे त्यांना ठाऊक होतं. भिंतीपाशी बसलेली ओळ एकदम उभी राहिली. बंदुका उचलल्या गेल्या. 'हात काढा दाजी,' महालिंग पुटपुटत होता, 'बाहेर काढा, रिकामा दाखवा.' ते काढत नव्हते. मूठ आवळली होती, विहिरीतनं वर आले होते तशी. दोघांनी पाय धरून त्यांना खाली ओढलं, टोपी रुळांकडं गेली, बंदुकीचा दस्ता वर गेला आन् खाली आला. दुर्बिणीत काहीच आवाज नव्हता. मग कानावर एक बारीक खट्ट आलं, दूर कुणी लाकूड फोडावं तसं, आन् तोवर दस्ता दुसऱ्यांदा वर गेला होता.

शिट्टी झाली. गाडी हलली. दोघांनी दाजींना बखोटं धरून तिकिटाच्या खोलीकडं नेलं. पाय फरफटत होते, पण मान उभी होती. जिते होते. तो कोवळा पोरगा मात्र तिथंच थांबला. अजून गावाकडं बोट दाखवत होता. आणखी दोघं त्याच्याजवळ आले. महालिंगनं कंदिलावर फुंकर मारली.

अंधार झाला. एकसारखी माळवदं, एकाला एक लागून, सगळी काळी. यांतलं कुठलं, ते आता त्या पोराला सांगता येणार नव्हतं. तो थोडा चाचपडंल. मग दारं वाजवत निघंल, ठेसनाकडच्या टोकापासून.

"गेली गाडी?" भागम्मानं विचारलं. तिला काही दिसलं नव्हतं. लेकराच्या तोंडात बोट देऊन ती अंधारात डोळे ताणत होती. "गेले ना चुडाव्याला?"

महालिंगला लग्नातलं अंगण आठवलं. लोक हसत होते, आन् दाजी चिंचेच्या झाडाकडं बघत होते. त्या माणसानं खोटं काहून सांगितलं ते त्याला आज पहिल्यांदा कळलं.

"गेले," तो म्हणाला. "दारातच उभे होते. दाढीत तर येडेच दिसायले होते."

ती हसली. तोंडावर पदर धरून, खांदे हलवत हसली, आन् हसता हसता रडायला लागली. "बघ, बाप गेला तुझा मावशीकडं," ती लेकराला सांगायला लागली. "लबाड. एवढ्या लांबनं आला आन् तोंड न दाखवता गेला."

"तू खाली जा. मायपाशी नीज. आन् कुणी आलं, काही इचारलं तर तुमी समदे झोपलेले होते. अप्पालाबी सांग. मी घरात नव्हतोच. शाळा सोडल्यापासून मी घरात नसतोच म्हणावं, उंडगा पोरगा हाय."

"कोण येणार हाय?"

"अक्का, जा."

ती शिडीनं उतरली. त्यानं दुर्बीण पाण्याच्या रांजणात सोडली. बुडताना तिनं दोन बुडबुडे सोडले. मग तो शेजारच्या माळवदावर उतरला. गोधड्या, पाय, तांबे. कुणाच्या तरी हातावर त्याचा पाय पडला. "कोण हाय?" म्हातारी कमलबाई. "मी हाय काकू, झोपा." "कुठं जायलास?" "परसाकडं." "असल्या रातीला?" ती कूस बदलत म्हणाली. तो पुढं गेला, दुसरं माळवद, तिसरं. वरती आभाळ होतं, पण त्यानं वर बघितलं नाही. शेवटचं घर बन्सीधर मारवाड्याचं. घरदार वऱ्हाडात गेल्यापासून कुलूप, आत नुसता सरकीचा वास आन् उंदरं. त्याच्या जिन्यानं महालिंग खाली आला, मागच्या खिडकीचा गज आधीच वाकवलेला होता त्यातनं बाहेर पडला आन् फिरून बरोबर त्याच घराच्या ओट्यावर येऊन उभा राहिला, दिवा या रिकाम्या घरावरनंच दाखवला असं त्यांना वाटावं म्हणून.

रस्त्यावरनं तिघं येत होते. उघड्या डोळ्यांनी अजून लहान दिसत होते. पुढं तो कोवळा पोरगा, बोट दाखवत, मोजत, चुकत. इथंच थांबलो तर ते आधी अप्पाचं दार वाजवतील. वाजवू द्यायचं नाही. महालिंग ओट्यावरनं उतरला, रस्त्याच्या मधून त्यांच्याकडं चालायला लागला, वहाणा वाजवत, मोठमोठ्यानं. अप्पाचं दार डाव्या हाताला आलं. आतून लेकराचं रडणं येत होतं, मग कुणीतरी त्याला छातीशी धरलं असावं, ते थांबलं. तो दारावरनं पुढं गेला. समोरच्या तिघांनी बंदुका उचलल्या होत्या आन् तो पोरगा ओरडून विचारत होता, दिवा कुणी दाखवला, कुठल्या घरातनं.

"मी दाखवला," महालिंग म्हणाला, आन् चालतच राहिला. मान वळवायची नव्हती. एकदा जरी मागं बघितलं असतं, तरी त्याच्या नजरेनं त्यांना घर दाखवलं असतं.